‘बायॲक्सियल’ म्हणजे काय? चिप्सची पुडी, पुष्कराजाची अंगठी आणि घराचा कोपऱ्यातला खांब यांना जोडणारा शब्द

पॅकिंगच्या चिकटपट्टीचा रोल ऑनलाइन मागवला, तर वर्णनात ‘बीओपीपी’ अशी चार अक्षरं दिसतात. सराफाकडून अंगठीचा खडा घेतला आणि सोबत लॅबचा रिपोर्ट आला, तर त्यात ‘ऑप्टिक कॅरेक्टर’ या रकान्यात कधी ‘युनिॲक्सियल’, कधी ‘बायॲक्सियल’ असं लिहिलेलं असतं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलता बोलता म्हणतो, “हा कॉलम बायॲक्सियल आहे.” आणि सगळे मान डोलावतात.

तिन्ही ठिकाणी शब्द एकच. पण प्लॅस्टिकवाल्याला जे म्हणायचंय ते रत्नपारख्याला म्हणायचं नसतं आणि इंजिनिअरला तर भलतंच काही म्हणायचं असतं. गुगलवर शोधलं, तर ‘दोन अक्ष असलेला’ एवढंच उत्तर मिळतं. ते बरोबर आहे, पण त्याचा उपयोग शून्य. कारण खरा प्रश्न वेगळाच आहे: दोन अक्ष, पण कशाचे?

आधी शब्दाची फोड

‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘ॲक्सिस’ म्हणजे अक्ष. दोन्ही भाग लॅटिनमधून आले आहेत. मराठीत याला द्विअक्षीय म्हणतात. एकाच अक्षाशी संबंधित असेल तर युनिॲक्सियल, म्हणजे एकाक्षीय. तीन असतील तर ट्रायॲक्सियल, म्हणजे त्रिअक्षीय. आणि घरातल्या केबल टीव्हीची जाड काळी वायर ती कोॲक्सियल, म्हणजे सहअक्षीय. तिच्यात मधली तार आणि भोवतीची जाळी या दोघींचा मध्य एकच असतो. ‘को’ आणि ‘बाय’ यांत गल्लत करू नका. कोॲक्सियलमध्ये वस्तू दोन असतात आणि अक्ष एक. बायॲक्सियलमध्ये वस्तू एक आणि अक्ष दोन.

शाळेत आपण अक्ष शिकलो तो दोन प्रकारे. भूगोलात पृथ्वी ज्याच्याभोवती फिरते ती काल्पनिक रेषा. गणितात आलेखावरचे ‘क्ष’ आणि ‘य’. म्हणजे कधी अक्ष हा फिरण्याचा आस असतो, तर कधी नुसती एक दिशा असते. बायॲक्सियलचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो आणि शिवाय एका तिसऱ्या अर्थानंही.

दिशा या अर्थानं समजून घ्यायचं, तर एक रबर बँड घ्या आणि ताणा. ताण एकाच दिशेनं बसला, हे झालं एकाक्षीय. आता फुगा फुगवा. फुग्याच्या रबराचा कुठलाही छोटा तुकडा बघा, तो उभाही ताणला जातोय आणि आडवाही, एकाच वेळी. हे द्विअक्षीय. रबर तेच, पण वागणं वेगळं. म्हणून रबर, पत्रा, कापड, अगदी हृदयाच्या झडपेची ऊती तपासायची असली, तरी ती नुसती एका बाजूनं ओढून भागत नाही. प्रत्यक्ष वापरात तिच्यावर दोन दिशांनी ताण येतो, तर प्रयोगशाळेतही अधिक चिन्हाच्या आकाराचा तुकडा कापून चारही टोकांनी ओढतात. त्याला बायॲक्सियल टेस्ट म्हणतात.

दोन दिशांचा ताण सारखाच असतो असं नाही. गोल फुग्यात तो सारखा असतो. पण पाइपमध्ये आतून दाब दिला, तर पाइपच्या घेराच्या दिशेनं बसणारा ताण लांबीच्या दिशेतल्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून आतल्या दाबानं फाटणारा पाइप बहुतेकदा लांबीनं उभा चिरतो, काकडी आडवी कापल्यासारखा गोल तुटत नाही.

चिप्सची पुडी: ओढून न फाटणारी, पण फाटली की थेट तळापर्यंत

आता त्या चार अक्षरांकडे येऊ. बीओपीपी म्हणजे बायॲक्सियली ओरिएंटेड पॉलिप्रॉपिलीन. मराठीत सांगायचं तर, दोन दिशांना ताणून रेणू ओळीत आणलेलं पॉलिप्रॉपिलीन. पहिलं स्पष्टीकरण इथेच करून टाकते: यातला ‘बीओ’ म्हणजे ‘बायो’ नव्हे. हे जैविक प्लॅस्टिक नाही, ते मातीत कुजत नाही. पेट्रोलियम उद्योगातून येणारं नेहमीचं पॉलिप्रॉपिलीनच आहे ते, फक्त ताणलेलं. एखाद्या वेष्टनावर ‘बीओपीपी’ दिसलं म्हणून ते ‘इको-फ्रेंडली’ समजून मनाची समजूत घालू नका.

पण मग ताणायचं कशाला?

प्लॅस्टिकचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात. वितळवून नुसती पातळ शीट काढली, तर त्या साखळ्या ताटात वाढलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या राहतात. अशी शीट मऊ असते, ओढली की लांबते. ती गरम करून एका दिशेनं खेचली, तर शेवया त्या दिशेनं सरळ होतात आणि त्या दिशेत ताकद खूप वाढते. पण दुसऱ्या दिशेनं? तिथे ती सहज चिरते. पोती विणायला वापरतात ती प्लॅस्टिकची चपटी पट्टी बघा. लांबीनं ओढून तुटणार नाही, पण नखानं उभी चिरता येते. कारण ती एकाच दिशेनं ताणलेली असते.

वेष्टनाला हे परवडत नाही. म्हणून फिल्म दोनदा ताणतात. कारखान्यात पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून आधी एक जाडसर शीट काढतात आणि ती गार करतात. मग पुन्हा गरम करून, वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या रोलरमधून नेऊन ती लांबीच्या दिशेनं साधारण चार ते सहा पट खेचतात. त्यानंतर शीटच्या दोन्ही कडा चिमट्यांच्या रांगांमध्ये पकडल्या जातात आणि भट्टीतून पुढे सरकताना त्या रांगा एकमेकींपासून दूर दूर जातात. त्यामुळे शीट रुंदीच्या दिशेनं आठ ते दहा पट पसरते. म्हणजे सुरुवातीला तळहाताएवढी असलेली शीट शेवटी ३०-४० पटींहून मोठी होते. हाती येते ती जेमतेम १५-२० मायक्रॉन जाडीची, काचेसारखी पारदर्शक, कडक आणि ओलावा अडवणारी फिल्म. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून तिच्या जाडीची कल्पना करा.

बिस्किटं, चिप्स, साबण, सिगारेटच्या पाकिटावरचं चमकदार वेष्टन, फुलांच्या गुच्छाभोवतीचा कुरकुरणारा कागद, तपकिरी चिकटपट्टी या सगळ्यात हीच फिल्म किंवा तिचे थर असतात. आणि हे काम फार लांब कुठे होतं असंही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कॉस्मो कंपनी बीओपीपी फिल्म बनवते. त्याच शहरात गरवारेंचा पॉलिएस्टर फिल्मचा कारखाना आहे. ती फिल्मही अशीच दोन दिशांनी ताणलेली असते आणि गाडीच्या काचांवर लावायच्या फिल्मपर्यंत तिचे अनेक उपयोग होतात.

चिप्सची पुडी दोन्ही हातांनी ओढून उघडताना आपली दमछाक होते. आणि एकदा कडेला जराशी चीर पडली की पुडी सटकन तळापर्यंत फाटते, चिप्स जमिनीवर. दोन्हींचं कारण एकच. ताणलेल्या फिल्ममध्ये साखळ्या आधीच सरळ झालेल्या असतात. ओढ त्या एकजुटीनं झेलतात, म्हणून ती सहज तुटत नाही. पण लांबण्याची, पसरून ताण वाटून घेण्याची सवलत त्यांच्याकडे उरलेली नसते. त्यामुळे चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि चीर धावत सुटते. पुडीची वरची कड करवतीच्या दातांसारखी कापलेली असते ती या चिरेला सुरुवात मिळावी म्हणून. चिकटपट्टीच्या डिस्पेन्सरला दाते असतात तेही याचसाठी. भाजीवाल्याकडची पातळ पिशवी मात्र वेगळी वागते. ती आधी लांबते, पांढुरकी पडते आणि मग फाटते.

पाण्याची बाटलीही त्यातलीच

पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची पारदर्शक बाटली पेट या प्लॅस्टिकची असते. ती बनते एका जाड, परीक्षानळीसारख्या तुकड्यापासून. त्याला प्रीफॉर्म म्हणतात आणि त्याला झाकणाचे आटे आधीपासूनच असतात. तो गरम करून आतून एक दांडा खाली ढकलतात, म्हणजे तो लांबीला ताणला जातो. त्याच वेळी हवा फुंकतात, म्हणजे तो घेराला फुगतो. झाला दोन अक्षांवरचा ताण. ड्यूपाँट कंपनीतले अभियंते नथॅनिएल वायथ यांना या बाटलीचं अमेरिकन पेटंट १९७३ मध्ये मिळालं. चित्रकार अँड्र्यू वायथ त्यांचे भाऊ. सोड्याचा दाब सहन करणारी प्लॅस्टिकची बाटली त्याआधी जमत नव्हती, कारण साध्या फुगवलेल्या बाटल्या दाबानं फुगून फुटायच्या.

घरातली रिकामी बाटली हातात घेऊन बघा. मान जाड आणि कडक, अंग पातळ. मान ताणलेली नाही, अंग ताणलेलं आहे. आता अशा बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आकसून वाकडी होते, हे अनेकांनी पाहिलं असेल. बाटली ‘वितळते’ असं आपण म्हणतो, पण पेट वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. होतं असं की ७०-८० अंशांच्या वर गेल्यावर ताणून बसवलेल्या साखळ्यांना हालचालीची मुभा मिळते आणि त्या पुन्हा गुंतायला, म्हणजे आपल्या मूळ आकाराकडे जायला निघतात. गरम ज्यूस भरायच्या बाटल्या निराळ्या असतात, त्यांना बनवतानाच जास्त उष्णता देऊन स्थिर केलेलं असतं.

रस्त्याच्या कामावर काळी प्लॅस्टिकची चौकोनी जाळी अंथरताना दिसते ना, तिथेही हाच शब्द भेटतो. तिला जिओग्रिड म्हणतात. ब्रायन मर्सर या इंग्लिश संशोधकानं भोकं पाडलेली प्लॅस्टिकची शीट ताणून ती बनवण्याची पद्धत आणली. रस्त्याखाली वजन सगळीकडून येतं, म्हणून तिथे बायॲक्सियल जाळी टाकतात. मातीची उंच भिंत धरून ठेवायची असेल तर ओढ एकाच दिशेनं असते, तिथे युनिॲक्सियल पुरते. टेंडरमध्ये एक लिहून जागेवर दुसरी टाकली, तर फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो: बायॲक्सियलची भोकं साधारण चौकोनी, युनिॲक्सियलची लांबट.

पुष्कराज आहे की टोपाझ? इथे ‘अक्ष’ उजेडाचा

आता तिसरा अर्थ आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. इथे काही ताणायचं नाही, काही फिरवायचंही नाही. इथे अक्ष म्हणजे स्फटिकाच्या आतली अशी एक दिशा, जिच्यातून जाताना प्रकाश दोन भागांत फुटत नाही.

१६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडमधून आलेल्या कॅल्साइटच्या पारदर्शक तुकड्याखाली अक्षरं ठेवली, तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं. प्रकाशाचा किरण त्या दगडात शिरून दोन किरणांमध्ये विभागत होता. याला द्विअपवर्तन म्हणतात. पण कॅल्साइटमध्ये एक दिशा अशी असते की तिच्यातून पाहिलं तर प्रतिमा एकच दिसते. ती त्याची प्रकाशीय अक्ष. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांना आढळलं की अभ्रक, टोपाझ अशा कित्येक स्फटिकांमध्ये अशा दिशा एक नव्हे तर दोन असतात. तेच बायॲक्सियल स्फटिक.

कुठला स्फटिक कुठल्या गटात बसेल हे त्याच्या अंतर्गत रचनेवर ठरतं. हिरा, मीठ, गार्नेट यांची रचना सगळ्या बाजूंनी सारखी, म्हणून त्यांच्यात द्विअपवर्तनच नाही. माणिक, नीलम, पिवळा नीलम, पाचू, क्वार्ट्झ हे एकाक्षीय. टोपाझ, पेरिडॉट, टांझानाइट, आयोलाइट हे द्विअक्षीय.

आणि इथे खिशाचा प्रश्न येतो. मराठीत ‘पुष्कराज’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ज्योतिषाच्या सल्ल्यानं घेतला जाणारा महागडा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कोरंडम या खनिजाचा प्रकार. पण शब्दकोशात ‘टोपाझ’चा अर्थ बघितला तर तिथेही ‘पुष्कराज’च लिहिलेलं सापडतं. त्यात ‘सुनेला’ नावानं विकलं जाणारं पिवळं क्वार्ट्झ, म्हणजे सिट्रिन, आणि साधी पिवळी काच हेही दिसायला जवळपास तसेच. चौघांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. डोळ्यांनी ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. लॅबला ते जमतं, कारण पिवळा नीलम एकाक्षीय, टोपाझ द्विअक्षीय, सिट्रिन एकाक्षीय आणि काच यांपैकी काहीच नाही.

तपासणारा खडा दोन पोलरायझर काचांच्या मध्ये धरून फिरवतो. काच पूर्ण अंधारी राहते. द्विअपवर्तन असलेला खडा एका फेऱ्यात चार वेळा उजळतो आणि विझतो. मग छोटं भिंग लावून बघितलं की एकाक्षीय खड्यात रंगीत वर्तुळांवर काळी फुली दिसते, द्विअक्षीय खड्यात त्याऐवजी वळलेले काळे पट्टे. पुढे अपवर्तनांक मोजतात: नीलमाचा १.७६ ते १.७७, टोपाझचा १.६१ ते १.६४ आणि सिट्रिनचा १.५४ ते १.५५. म्हणजे रिपोर्टवर ‘पुष्कराज’ असं बाजारू नाव लिहिलंय आणि शेजारी ‘बायॲक्सियल’ व १.६२ हे आकडे आहेत, तर तुमच्या हातात टोपाझ आहे. तो वाईट दगड नाही, पण तुम्ही पैसे कशाचे दिले ते तपासा.

निळ्या रंगातही असंच. आयोलाइट आपल्याकडच्या बाजारात ‘काकानीली’ म्हणून मिळतो आणि नीलमाला स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो. द्विअक्षीय रंगीत खडे वेगवेगळ्या दिशांनी बघितले तर तीन रंगछटा दाखवू शकतात, एकाक्षीय जास्तीत जास्त दोन. आयोलाइट फिरवला की एका बाजूनं गडद निळा-जांभळा आणि दुसऱ्या बाजूनं चक्क पिवळट, पाण्यासारखा फिकट दिसतो.

एक मर्यादाही सांगायला हवी. प्रयोगशाळेत बनवलेला नीलम हाही रचनेनं नीलमच, म्हणून तोही एकाक्षीयच असतो. भट्टीत तापवून रंग खुलवलेला खडाही तसाच. ‘युनिॲक्सियल लिहिलंय म्हणजे खाणीतला अस्सल’ असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. खनिज कोणतं, एवढंच या शब्दावरून कळतं. नैसर्गिक की कृत्रिम, यासाठी रिपोर्टचा वेगळा रकाना वाचावा लागतो.

महाराष्ट्राच्या दख्खनी बेसॉल्टमध्येही द्विअक्षीय स्फटिकांची रेलचेल आहे. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींमध्ये मिळालेले कॅव्हनसाइटचे गडद निळे गुच्छ जगभरच्या खनिज-संग्राहकांना माहीत आहेत. त्यांच्यासोबत सापडणारं स्टिल्बाइटही द्विअक्षीय. ज्या खाणीतून आपण खडी आणतो, तिच्यातला कचरा कुणाच्या तरी काचेच्या कपाटात दिमाखात बसलेला असतो.

द्विअक्षीय स्फटिकांची एक करामत तर आधी कागदावर सापडली आणि मग प्रत्यक्षात. आयर्लंडच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८३२ मध्ये निव्वळ गणितावरून भाकीत केलं की अशा स्फटिकात ठरावीक दिशेनं शिरलेला एक किरण दोन नव्हे, तर पोकळ शंकूच्या आकारात पसरेल. काही महिन्यांतच हम्फ्री लॉइड यांनी ॲरागोनाइटच्या स्फटिकात ते दाखवून दिलं. याच शंकूचा अभ्यास १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला सी. व्ही. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅप्थलिनच्या स्फटिकात केला. नॅप्थलिन म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ज्याच्या करतात, तेच.

कोपऱ्यातला खांब दोन्हीकडून का वाकतो?

पुडी फाटली तर चिप्स सांडतात, खडा खोटा निघाला तर पैसे जातात. इमारतीच्या बाबतीत मात्र हा शब्द ऐकून मान डोलावणं महागात पडू शकतं.

खांब नुसतं वरचं वजन खाली पोचवतो, असं आपल्याला वाटतं. पण बीम त्याला बाजूनं जोडलेले असतात आणि स्वतः वाकताना ते खांबालाही वाकवू बघतात. इमारतीच्या मधल्या खांबाला चारही बाजूंनी बीम असतात. डावीकडची ओढ उजवीकडची खोडून काढते, समोरची मागची. बाहेरच्या भिंतीतल्या खांबाला एका दिशेत जोडीदार नसतो, म्हणून तो एका अक्षाभोवती वाकतो. आणि कोपऱ्यातल्या खांबाला दोन्ही दिशांना एकेकच बीम. त्यामुळे तो एकाच वेळी दोन अक्षांभोवती वाकतो, म्हणजे तिरका. इंजिनिअर ‘बायॲक्सियल कॉलम’ म्हणतो तो हा.

प्रत्येक दिशेत खांब वेगवेगळा तपासला आणि दोन्हींत पास झाला, तरी दोन्ही मिळून तो नापास होऊ शकतो. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात याचं सूत्र दिलेलं आहे. प्रत्येक दिशेत खांबाची वाकण्याची जी क्षमता आहे, तिचा किती हिस्सा वापरला गेला ते काढायचं, दोन्ही हिश्शांना एक घातांक लावायचा आणि बेरीज १ च्या आत हवी. घातांक खांबावरच्या उभ्या भारानुसार १ ते २ असतो. समजा, दोन्ही दिशांत ०.६ म्हणजे ६० टक्के क्षमता वापरली गेलीये. वेगवेगळं पाहिलं तर निवांत. पण घातांक १ असेल तर बेरीज १.२, खांब नापास. घातांक २ असेल तर ०.३६ अधिक ०.३६, म्हणजे ०.७२, खांब पास. गंमत अशी की घातांक १ लागतो तो उभा भार कमी असलेल्या खांबांना, उदाहरणार्थ वरच्या मजल्यांवर. ‘वर काय, वजनच नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आपल्याकडची सवय म्हणजे खांब भिंतीत लपवायचा. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर रुंद आणि लांबट खांब. फूटपट्टी आडवी धरून वाकवून बघा आणि मग उभी धरून. असा खांब एका दिशेत दणकट आणि दुसऱ्या दिशेत नाजूक असतो. भूकंप मात्र दिशा निवडून येत नाही. म्हणून आयएस १८९३ या मानकात एका दिशेचा पूर्ण धक्का आणि त्याच वेळी आडव्या दिशेचा ३० टक्के, असा एकत्र विचार करायची पद्धत दिली आहे. आणि भूकंपरोधक बांधणीच्या आयएस १३९२० या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत खांबाची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर ठेवायला सांगितली आहे. खांब भिंतीबाहेर डोकावतो म्हणून नव्या फ्लॅटमध्ये कपाट बसत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जुन्या घरात याचा अर्थ काय? तिरकं वाकताना सगळ्यात जास्त ताण येतो तो खांबाच्या कोपऱ्यातल्या सळईवर आणि तिच्या शेजारच्या काँक्रीटवर. इंटेरिअरच्या कामात पहिला घाव नेमका तिथेच पडतो. कन्सील्ड वायरिंगची खाच, पाण्याचा पाइप आत घ्यायला तासलेली कड, ‘जरा गोल करून घेऊ’ म्हणून छाटलेला कोपरा. इमारतीच्या कोपऱ्यातली बाल्कनी विटांची भिंत घालून बंद केली, तर तिचं वजनही शेवटी त्याच खांबाला वाकवायला जातं. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. सोसायटीत असं ऑडिट चालू असेल, तर इंजिनिअरला एक प्रश्न थेट विचारता येईल: “कोपऱ्यातले कॉलम दोन्ही दिशा एकत्र धरून तपासलेत का?” उत्तर हो किंवा नाही असंच असायला हवं.

फिरणाऱ्या वस्तूंना मात्र वेगळा शब्द

सूर्याचा माग काढत वळणारं सोलर पॅनेल दोन आसांभोवती फिरतं. एक आस त्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे नेतो, दुसरा सूर्याच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त कलवतो. इंग्रजीत अशा यंत्राला सहसा ‘ड्युअल-ॲक्सिस’ म्हणतात, ‘बायॲक्सियल’ नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, अशाच दोन आसांवर वळतात: एक क्षितिजाला समांतर फिरण्यासाठी आणि दुसरा वर-खाली होण्यासाठी. ढोबळ नियम असा की वस्तू स्वतः फिरत असेल तर ‘ड्युअल-ॲक्सिस’, आणि ताण, वाकणं किंवा प्रकाश असे पदार्थाचे गुणधर्म असतील तर ‘बायॲक्सियल’. मराठीत दोन्हींना द्विअक्षीयच म्हणतात, त्यामुळे भाषांतरित बातमी वाचताना संदर्भ बघावा लागतो. जाहिरातीत नुसतं ‘बायॲक्सियल तंत्रज्ञान’ लिहिलेलं असेल आणि पुढे कशाचे दोन अक्ष ते दिलेलं नसेल, तर त्या वाक्यात माहिती काहीच नाही, असं खुशाल समजा.

लिहायचं कसं?

‘द्विअक्षीय’ की ‘द्व्यक्षीय’? संधीच्या नियमानं द्वि आणि अक्षीय मिळून ‘द्व्यक्षीय’ होतं, जसं द्वि आणि अर्थी मिळून आपण ‘द्व्यर्थी’ म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीनं ते शुद्ध आहे. पण डोळ्यांना आणि जिभेला ‘द्विअक्षीय’ सोपं जातं, त्यातला ‘दोन’ आणि ‘अक्ष’ वेगवेगळा दिसतो आणि मोबाइलवर जोडाक्षर टाइप करण्याची झटापटही वाचते. शोधताना मात्र दोन्ही रूपं टाकून बघा. आणि दुकानात चिकटपट्टी मागताना यातलं काहीच म्हणू नका, ‘ब्राऊन टेप द्या’ म्हटलं की पुरतं.